आर-सात यांचा अर्ज

"मंग आमच्या अर्जाचं काय झालं?" हौसाबाईंनी विचारलं.

मी त्यांच्या पडवीत बसून टॅबवर त्यांना त्यांच्याच पायांचा फोटो दाखवत होते. पानशेत धरणाच्या वरच्या अंगाला, वेल्हे तालुक्यात, डोंगराच्या कुशीत असलेली ही वाडी. मी एका आंतरराष्ट्रीय मानवी हक्क संस्थेच्या पुण्यातल्या ऑफिसात इंटर्न होते. हंडा घेऊन चाललेल्या बाईचे नुसते पाय, असा तो फोटो आमच्या रिपोर्टच्या कव्हरवर जाणार होता. चेहरा नव्हताच. पण पायांत जोडवी दिसत होती, आणि जोडव्यांवरून बाई ओळखू येईल अशी शंका युरोपातल्या हेड ऑफिसने काढली होती. म्हणून पायांसाठी दुसऱ्यांदा संमती घ्यायला मला पाठवलं होतं.

"कुठला अर्ज, मावशी?"

"त्यो न्हाई का, उन्हाळ्यात तुमी लिवून नेला? चौदा जणींच्या सह्या-अंगठे घेतले. चार पानी व्हता."

चार पानी होता तो आमचा कन्सेंट फॉर्म. म्हणजे 'मला या बाईंशी बोलायला हरकत नाही' असं लिहून देण्याचा कागद. मराठी भाषांतर ऑफिसातच झालं होतं. 'मी याद्वारे माहितीपूर्ण व स्वेच्छाधिष्ठित संमती प्रदान करते' असं पहिलंच वाक्य होतं. ते मी चौदा वेळा मोठ्याने वाचलं होतं आणि चौदाही जणींनी मान हलवली होती. खरं तर नियमाप्रमाणे तोंडी होकार रेकॉर्ड केला असता तरी चाललं असतं. पण बायकाच ऐकेनात. सहीशिवाय कागद म्हणजे काय, असं म्हणत त्यांनी माझ्याकडून शाईचं पॅड मागून घेतलं. मला त्या वेळी त्यांच्या जागरूकतेचं कौतुक वाटलं होतं. तसं मी रिपोर्टात लिहिलंही होतं.

आता प्रकरण काय होतं ते सांगते. वाडीचा उन्हाळ्यातला पाणवठा म्हणजे खालच्या अंगाचा एक झरा. त्याच्याकडे जाणारी पायवाट ज्या जमिनीतून जाते ती जमीन पुण्याच्या एका गृहस्थांनी घेतली, शनिवार-रविवारपुरता बंगला बांधला, आणि वाटेवर गेट बसवून कुलूप लावलं. माणूस वाईट नव्हता. पाहुणे लॉनवर नाश्ता करत असताना मधूनच हंडे घेतलेल्या बायका जाणं त्यांना बरं दिसेना, इतकंच. तेव्हापासून बायका डोंगराला वळसा घालून झऱ्यावर जात होत्या. हौसाबाईंची सून सात महिन्यांची पोटुशी असताना त्या वळशाच्या उतारावर घसरून पडली होती. बाळ-बाळंतीण नशिबाने वाचली. पावसाळ्यात पाणी दारात असतं, त्यामुळे सध्या निभत होतं. पण होळीपासून पुन्हा तोच वळसा आणि तोच उतार.

"गेटला कुलूप नेमकं कधी लागलं?" मी विचारलं. फॉर्मवर मी 'अंदाजे एप्रिल' असं लिहिलं होतं.

"जत्रंच्या दुसऱ्या दिशी. पावनं गेलं आन् कुलूप लागलं."

जत्रा चैत्री पौर्णिमेची. मी टॅबवर तारीख काढली आणि तिथून पुढचे महिने बोटांवर मोजले.

मी कायद्याची पदवीधर. मामलेदार कोर्टाचा एक जुना कायदा आहे, तो आम्हाला शेवटच्या वर्षाला होता. पाण्याला किंवा शेताला जायची वहिवाटीची वाट कुणी अडवली, तर तहसीलदार ती मोकळी करून देऊ शकतात. वहिवाटीची म्हणजे वर्षानुवर्षं पायाखाली असलेली. वकील लागत नाही, मोठं कोर्ट लागत नाही. फक्त वाट अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा द्यावा लागतो. सहा महिने पुरे व्हायला नऊ दिवस उरले होते.

"तलाठी भाऊसाएब दोनदा येऊन म्हनलं, मावशी, वेल्ह्याला अर्ज द्या, मुदत असती त्याला," हौसाबाई सांगत होत्या. "म्या सांगितलं, आमी दिलाया. तुमच्यापरीस मोठ्या हापिसात दिलाया. तवापास्नं त्ये काय बोललं न्हाईत."

म्हणजे सरकारी माणूस स्वतःच्या पायांनी वाडीवर येऊन योग्य सल्ला देऊन गेला होता, आणि माझ्या चार पानांच्या जोरावर वाडीने त्याला परत लावलं होतं. त्या उन्हाळ्यात निघताना मी म्हणाले होते, "तुमचं म्हणणं आम्ही मोठ्या ऑफिसात पोचवू." चांगलं आठवतं. म्हणताना छातीही जरा फुगली होती.

हौसाबाईंना खरं सांगायचं धैर्य मला त्या दिवशी झालं नाही. "बघते," एवढं बोलून मी उठले. पायांच्या फोटोची संमती घ्यायची राहिलीच.

रेंज मिळायला खाली पानशेतला यावं लागलं. तिथल्या एका भज्यांच्या हॉटेलात बसून मी रेवाला फोन लावला. रेवा आमची प्रोजेक्ट लीड. संस्थेत कुणी कुणाला सर-मॅडम म्हणत नसे, कारण उच्चनीच भेद नव्हता. चहाही ज्याचा त्याने करायचा, कप ज्याचा त्याने विसळायचा. सही मात्र एकट्या रेवाचीच चालायची.

"रेवा, त्या बायकांना वाटतंय आपण त्यांचा अर्ज दिलाय."

"कुणाला?"

"सरकारला. कन्सेंट फॉर्मलाच त्या अर्ज समजल्या. खऱ्या अर्जाची मुदत नऊ दिवसांत संपतेय."

"ओके. हे खूप इंटरेस्टिंग आहे," रेवा म्हणाली. "हे लर्निंग म्हणून नोट कर."

"नोट करते. पण अर्ज?"

"अर्ज देणं आपल्या मँडेटमध्ये नाही ना."

मँडेट म्हणजे संस्थेने स्वतःला आखून दिलेलं काम. आमचं काम डॉक्युमेंटेशन. अन्याय झाला की तो नीट लिहून ठेवायचा. तो थांबवायचं काम दुसऱ्या कुणाच्या तरी मँडेटमध्ये असायचं. कुणाच्या, ते मला तिथे असेपर्यंत कळलं नाही.

"मग त्यांनी जे सांगितलं ते तरी त्यांना परत देऊ या. त्यावरून निदान अर्ज लिहिता येईल."

"ते अनॉनिमाइज झालंय."

अनॉनिमाइज करणं म्हणजे नाव-गाव काढून टाकणं. सांगणाऱ्याला पुढे त्रास होऊ नये म्हणून करतात. नावाच्या जागी नंबर येतो. आर म्हणजे रिस्पॉन्डंट, माहिती देणारी व्यक्ती. हौसाबाई होत्या आर-सात.

"कोण कितवा नंबर, याची यादी असेल ना?"

"ती हेड ऑफिसला लॉक आहे. डेटा प्रोटेक्शन ऑफिसर सुट्टीवर आहे, दोन आठवडे."

"म्हणजे हौसाबाईंचं म्हणणं हौसाबाईंना द्यायला..."

"हॅलो! फोनवर नाव घेऊ नकोस, प्लीज."

शेजारच्या टेबलावर पुण्याची मंडळी कांदाभजी खात होती. मी आवाज खाली आणला.

"रेवा, मी स्वतः त्यांना अर्ज लिहून दिला तर?"

"तू इंटर्न आहेस. आचारसंहितेत क्लिअर आहे, रिस्पॉन्डंटच्या निर्णयावर आपण प्रभाव टाकायचा नाही."

"आपल्यामुळे त्यांनी अर्ज दिला नाही, हा प्रभाव नाही का?"

"तो अनइन्टेन्डेड आहे," रेवा शांतपणे म्हणाली. "आणि रिपोर्टमध्ये आपण स्ट्राँग रेकमेंडेशन करतोच आहोत. फेब्रुवारीत येतोय."

रेवा दुष्ट नव्हती, हे सांगायला हवं. वाडीतून परतताना गाडीत ती खरोखर रडली होती. पण रडून झाल्यावर तिने वर्कप्लॅन उघडला होता.

पुण्याची गाडी सोडून मी भोरला घरी गेले. माझे वडील, अण्णा, कचेरीबाहेर झाडाखाली टेबल टाकून अर्ज लिहितात. आधी हाताने लिहीत, मग टाइपरायटर आला, आता लॅपटॉप आणि छोटा प्रिंटर आहे. मानवी हक्क संस्थेत लागल्यावर वडील काय करतात असं कुणी विचारलं, की मी 'लीगल ड्राफ्टिंग' असं सांगायचे. त्या दिवशी त्याच टेबलासमोरच्या स्टुलावर पक्षकारासारखी बसले.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मुदतीचे दिवस दोनदा मोजले आणि लगेच टायपिंगला सुरुवात केली. मौजे, तालुका, जिल्हा, गट नंबरची जागा मोकळी. मग थांबले.

"अर्जदारांची नावं सांग."

"अण्णा, ती गोपनीय आहेत."

अण्णांनी चष्मा कपाळावर चढवला. "कुणापासून?"

"सगळ्यांपासून. तसा नियम आहे. बंगलेवाल्यांनी त्रास दिला तर?"

"अगं, मग तक्रार कुणाची म्हणून लिहू? वाट अडली म्हणून कोण ओरडतंय?"

"आर-सात," मी म्हणाले.

ते हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नावाची जागा मोकळी सोडली, खाली मजकूर पुरा केला, आणि प्रिंट काढून माझ्या हातात दिला. अर्ध्या तासाचं काम. आम्ही मे महिन्यापासून तेच काम करत होतो.

"उद्या मी येतो बरोबर," ते म्हणाले. "शाईचं पॅड माझं घेऊ."

दुसऱ्या दिवशी देवळापुढे चौदाही जणी जमल्या. मी उभं राहून सांगितलं, की उन्हाळ्यात नेला तो अर्ज नव्हता. तो कागद कुठल्याच कचेरीत गेलेला नाही. चूक माझी आहे.

"चार पानं व्हती की," हौसाबाई म्हणाल्या. "मंग काय लिवलं व्हतं त्यात?"

"की तुम्ही मला बोलायला परवानगी दिली."

"बोलायला?" त्यांचा आवाज चढला. "बोलायला कवा ना म्हनले म्या तुला? चा दिला. बसाया घोंगडी दिली. आन् परवानगी म्हनून अंगठा घेतलास माजा? तलाठ्याला म्या तोंड वर करून परत लावला त्या अंगठ्याच्या जिवावर!"

कालपर्यंत 'तुमी' होते, ती 'तू' झाले. बरोबरच होतं. मला रडू आलं, आणि आपण रडतोय याचा रागही आला. हौसाबाईंनी पदराने तोंड पुसलं, स्वतःचं. मग अण्णांकडे वळल्या.

"दादा, ह्यो तरी अर्ज हाय न्हवं?"

"हो. आणि वेल्ह्याला तुम्ही स्वतः नेऊन द्यायचा. पोच घ्यायची, शिक्का मारून."

"मंग लिवा."

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगते. नावं लपवण्याचा आमचा नियम अगदीच खुळा नव्हता. चौदांपैकी दोघी मागे सरकल्या. एकीचा नवरा त्याच बंगल्यावर राखणदार होता, दुसरी तिथे धुण्याभांड्याला जायची. मला वाटलं आता भांडण लागणार. पण हौसाबाई म्हणाल्या, "त्येंचं पोट हाय तितं. ऱ्हाऊ द्या त्येंना. पान्याला काय, समद्याच जातील." बाकी बारा जणींनी आपलं पूर्ण नाव, नवऱ्याचं नाव, वय, धंदा, सगळं मोठ्याने सांगितलं, आणि अण्णांनी ते नीट लिहिलंय ना, याची खात्री करायला मला ते वाचून दाखवायला लावलं. कुणाला नाव लपवायचंय आणि कुणाला सांगायचंय, ते ठरायला वाडीत दहा मिनिटं लागली. आमच्याकडे त्यावर बावीस पानांची पॉलिसी होती. तिच्यात हा प्रश्न विचारायची जागा नव्हती.

वाडीवरून वेल्ह्याला जायचं म्हणजे घाट ओलांडून. मधल्या दिवसांत अण्णांनी गट नंबर आणि उतारा मिळवला. मुदत संपायला चार दिवस असताना दुधाच्या टेम्पोत बसून बारा जणी तहसील कचेरीत गेल्या. मी कचेरीच्या फाटकापाशीच थांबले होते. संस्थेत अजून होते आणि नियम मोडतेय हे कळत होतं. पण हौसाबाईंनीच हाताला धरून आत नेलं. क्लार्कने दाव्यावर आवकचा शिक्का मारला आणि पोच दिली. हौसाबाईंनी ती उलटसुलट करून पाहिली.

"ह्यो शिक्का. तुज्या कागदाला शिक्का नव्हता. तवाच वळकाया पायजे व्हतं म्या."

पुढच्या सोमवारी मी रेवाला ईमेलने सगळं कळवलं. लपवून ठेवायचं नव्हतं. उत्तर फार गोड आलं. माझी इंटर्नशिप 'परस्पर संमतीने' महिनाभर आधी संपत होती. त्या संमतीचा फॉर्मही चारच पानांचा होता. परदेशातल्या विद्यापीठासाठी मला जे शिफारसपत्र हवं होतं, ते आता मागण्यात अर्थ नव्हता. मिळालेल्या सर्टिफिकेटवर 'स्थानिक समुदायाशी घनिष्ठ संबंध' असा उल्लेख होता. तो कौतुक म्हणून होता की चारित्र्यावर शेरा म्हणून, मला अजून ठरवता आलेलं नाही.

दिवाळीनंतर तहसीलदार स्थळपाहणीला आले. स्थळपाहणी म्हणजे अधिकाऱ्याने जागेवर येऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघणं. बंगलेवाल्यांचे वकील पुण्याहून आले होते. त्यांचं म्हणणं, की इथे वाट कधी नव्हतीच. झऱ्याला जायचा रस्ता डोंगराला वळसा घालूनच आहे, आणि गेल्या उन्हाळ्यातही बायका तिकडूनच जात होत्या. दुसऱ्या वाक्यात खोटं काही नव्हतं. लॉनही असा राखलेला, की वाटेची रेघसुद्धा दिसू नये.

तहसीलदार म्हणाले, "मावशी, वाट इथूनच होती याला खूण काय?"

हौसाबाई लॉनच्या मधोमध गेल्या. तिथे कमरेएवढा एक काळा दगड होता आणि त्यावर जरबेऱ्याची कुंडी. त्यांनी कुंडी उचलून बाजूला ठेवली. दगडाच्या माथ्यावर वाटीसारखा गोल खळगा होता, हाताने चोळावा तसा गुळगुळीत.

"ह्यो इसाव्याचा धोंडा. येताना हांडा टेकवायचा हितं आन् दम घ्यायचा. माजी सासू टेकवायची, तिची सासू टेकवायची. नवी नवरी पयल्यांदा पान्याला निघाली का ह्याला हळदकुंकू लावत्यात. बगा की, कडंला अजून हाय." त्यांनी नखाने खरवडून दाखवलं. फटीत लाल-पिवळं खरंच होतं. "सायेब, डोंगराच्या वळशाला असा धोंडा दावा म्हनावं ह्यांना."

वकीलसाहेब मालकांकडे बघू लागले. मालक म्हणाले, दगड त्यांना छान वाटला म्हणून ठेवला.

तहसीलदारांनी मोबाईलवर फोटो काढला आणि पंचनाम्यात दगड लिहून घ्यायला लावला. माझी मान मात्र खाली होती. मे महिन्यात हौसाबाईंनी या धोंड्याबद्दल मला वीस मिनिटं सांगितलं होतं. आमच्या फॉर्मवर त्यासाठी रकाना नव्हता. 'सांस्कृतिक, असंबद्ध' असा शेरा मारून मी तो भाग गाळला होता. आर-सातच्या निवेदनात धोंडा नाही.

मार्गशीर्षात आदेश आला. वाट वहिवाटीची आहे, ती मोकळी ठेवावी, गेटला कुलूप लावू नये. मालकांनी वरच्या कोर्टात जायची भाषा केली, पण गेले नाहीत. आता शनिवारी नाश्त्याच्या वेळी हंडे लॉनमधून जातात. पाहुण्यांना ते आवडतं म्हणे, फोटो काढतात. दोन राहिलेल्या जणीही त्याच वाटेने पाण्याला जातात आणि त्यांना कुणी काही विचारत नाही.

मी परदेशी गेले नाही. भोरच्या कोर्टात वकिली करते आणि बहुतेक दावे अण्णांच्याच टेबलावर लिहिते. लोकांना सांगायचं ते इतकंच, की कुणीही कागद पुढे केला तर तो कुठल्या कचेरीत जाणार, हे आधी विचारा. मग तो कागद माझ्यासारख्या शिकलेल्या, चांगल्या मनाच्या मुलीने आणलेला का असेना. तिला तर दोनदा विचारा.

रिपोर्ट फेब्रुवारीत येणार होता तो एप्रिलअखेर आला. जाड गुळगुळीत कागद, कव्हरवर एक रिकामा हंडा. पाय गेले होते. एक प्रत घेऊन मी वाडीवर गेले. हौसाबाई म्हणाल्या, वाच. मी आर-सातचं पान काढलं आणि जमेल तसं मराठीत सांगत गेले. पश्चिम भारतातल्या एका डोंगराळ गावात पाण्याची वाट अडवली आहे. बायका रोज लांबून पाणी आणतात. एक गरोदर बाई पडली. दाद मागायला सोयीची यंत्रणा उपलब्ध नाही. सरकारने ती उभारण्याचा विचार करावा.

हौसाबाई मन लावून ऐकत होत्या. गरोदर बाईपाशी त्यांनी "आई गं" म्हटलं. मी रिपोर्ट मिटला तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते.

"कुटल्या गं ह्या बाया? आमच्यावानीच झालं की त्येंचं. त्येंना कुनी सांगितलं न्हाई व्हय, कचेरीत अर्ज द्या म्हनून?" त्या उठून पदर खोचायला लागल्या. "पत्ता बग त्यात. म्या येते संगट, दावते त्येंना कुटं द्यायचा त्यो."

मी उगाच चार पानं पुढे-मागे केली. पत्ता त्यात दिलेला नव्हता.